डोंगर बघायला दरवेळी सह्याद्रीच कशाला? आपला बालाघाट हाय की

माळावरचा:
पाऊस सुरू झाला की आपली पोरं रात्रभर गाडी हाणत लोहगडला जातात, तिथं पायऱ्यांवर मुंगीच्या चालीनं सरकतात, रील काढतात आणि सोमवारी ऑफिसात डुलक्या घेतात. गर्दीतच उभं राहायचं तर आपली सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा काय वाईट ओ? सोलापुरातनं तुळजापूर 45 किलोमीटरवर आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर आणि तुळजापूर 650 च्या आसपास, म्हणजे मधे बालाघाटचा डोंगर चढतोच की आपण, फक्त एसटीच्या खिडकीतनं बघत. घाटाच्या आजूबाजूला गुराख्यांच्या वाटा आहेत, वर गेलं की टोक वगैरे काही नाही, सपाट पठार लागतं, त्याच्या काठाकाठानं चालत राहायचं, खाली सगळा माळ पसरलेला असतो आणि तासन्‌तास माणूस भेटत नाही, भेटलाच तर मेंढरामागचा धनगर. माझं म्हणणं एवढंच की लांबचा एखादा ट्रेक कमी करा आणि जवळचं चालून बघा.

कडक_भाकरी:
त्याला डोंगर म्हणतो का बे? कळसूबाई 1646 मीटर, आणि तू 200 मीटरच्या टेकाडाचं कौतुक सांगायलास. धुकं नाही, धबधबा नाही, सावलीला झाड शोधावं तर हिवर, त्याच्याखाली बसलं की काटा. मार्चनंतर गेलास तर भाजलेली शेंग होऊन येशील. लोक लांब जातात ते हौस म्हणून नाही, इथं तसलं काही नाही म्हणून जातात.

भीमाकाठ:
उंचीवर डोंगर मोजायचा असेल तर विषयच संपला. ही हरिश्चंद्र-बालाघाटचीच रांग, सह्याद्रीतनं फुटून पूर्वेला आलेली. पाणी हिच्यावरून वाटलं जातं, उत्तरेचं गोदावरीला आणि आपल्या अंगाचं भीमेला. पावसाळ्यानंतर पठारावर फिरताना ओढे नीट बघत गेलं तर हे डोळ्यांनी कळतं, त्याला धुकं लागत नाही. धबधबाच पाहिजे तर नळदुर्गात बोरी नदीवर नर-मादी आहेत की, पण पाणी सुटल्यावर रविवारी तिथंही पाय ठेवायला जागा नसते.

जुळे_सोलापूरकर:
वरचं सगळं वाचून एकच विचारते, "माणूस भेटत नाही" हे कौतुकानं कोण लिहितं? पुरुष लिहितात. आम्हाला माणूस भेटत नाही ही पण भीती आणि एकच माणूस भेटला ही त्याहून मोठी भीती. कोजागिरीला मी सोलापुरातनं तुळजापूरला चालत जाते, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, जागोजागी चहा, फराळ, कुणी पायाला तेल लावून देतंय, म्हाताऱ्या बायका अनवाणी चाललेल्या, आणि रात्री 2 वाजता रस्त्यावर असून धाकधूक होत नाही ती त्या गर्दीमुळेच. वर्षात तेवढी एक रात्र अशी मिळते. त्यामुळं गर्दीला नावं ठेवताना जरा बघून.

माळावरचा:
ताई, हा मुद्दा बरोबर आहे. तरी चार-पाच जणींनी गावातलं कुणी ओळखीचं बरोबर घेऊन जायला काय हरकत? गर्दी आणि सोबत यात फरक आहे.

जुळे_सोलापूरकर:
फरक आहे, पण सोबत जमवायची ती आम्हीच. तुम्हाला बूट घातले की झालं.

रानातला_माणूस:
माझं गाव त्याच पायथ्याला आहे. तुम्ही ज्याला वाट म्हणता ती आमच्या रानातनं जाते. आले तर पाणी पाजतो, तक्रार नाही. पण मागच्या हंगामात कुणीतरी ड्रोन उडवला आणि मेंढरं बिथरून अशी पांगली की गोळा करता करता अंधार पडला. दिवाळीनंतर गवत वाळतं, एक बिडी पडली तर उन्हाळ्याची वैरण गेली. तुम्हाला ओसाड दिसतं तिथं आमची गुरं चरतात. आता पवनचक्क्यांसाठी कच्चे रस्ते झाल्यापासून फोरव्हीलरसुद्धा वर चढायला लागल्यात.

माळढोक_दिसला_का:
आणि रामलिंगकडं जाणाऱ्यांनी नीट वाचा. येडशीचं रामलिंग हे अभयारण्य आहे, मंदिरापर्यंत जाणं वेगळं आणि जंगलात परवानगीशिवाय घुसणं वेगळं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. 2024 च्या शेवटी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघ तिथं कॅमेऱ्यात आला, बार्शीच्या बाजूलाही त्यानं जनावरं मारली. माळावर लांडगे तर पहिल्यापासून आहेत, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, तुम्हीही पिल्लांचे फोटो काढायला जाऊ नका.

कडक_भाकरी:
टेकाडावर वाघ! आता मात्र गर्दी होणार बघा 😂
बरं माळावरच्या, एवढं वर्णन केलास तर वाट कुठनं चढते ते लोकेशन टाक की.

माळावरचा:
लोकेशन टाकणार नाही. टाकलं की पुढच्या रविवारी पन्नास गाड्या, आणि ह्या रानातल्या दादांनी काय सांगितलं ते वाचलंस ना.

कडक_भाकरी:
मग धागा काढलास कशाला? लोकांना या म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं? पुण्याचे लोक गड गाजवून मोकळे झाले आणि आमच्या वाट्याला टेकाड, ते पण गुपित!

भीमाकाठ:
लोकेशन कशाला लागतं? एसटीनं जा, पायथ्याच्या गावात उतर, चहा पी आणि विचार. ज्याला विचारायचा कंटाळा तो लोहगडला जाईल.

रानातला_माणूस:
विचारलं तर सांगतो आम्ही. पहाटे या, ऊन चढायच्या आत उतरा, आणि कुत्री बांधलेली नसतात, काठी असू द्या हातात.