शब्दचर्चा : 'हायब्रिड' घड्याळाला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली :
जुन्या मनगटी घड्याळांच्या एका यादीचं मराठी करतेय. त्यात दोनदा 'हायब्रिड क्रोनोग्राफ मूव्हमेंट' आलंय (क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, मूव्हमेंट म्हणजे आतली यंत्रणा), एकदा स्विस घड्याळापाशी आणि एकदा जपानी. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'संकरित काललेखी यंत्रणा' असं पडलंय. वाचून माझं मलाच हसू आलं. काही सुचवाल का?

काळी_ज्वारी :
'संकरित' नको हो. आमच्याकडे संकरित म्हणजे गाय नाहीतर बियाणं. आणि 'हायब्रीड' म्हटलं की आमच्या आईला हायब्रीड ज्वारीची बेचव भाकरी आठवते. लाखालाखाच्या घड्याळाला तो शब्द लावलात तर गिऱ्हाईक पळेल. 'मिश्र' चालेल की.

जुनी_कमान :
दुकानात 40 वर्षं काढली, त्या भाषेत सांगतो. मूव्हमेंटला आम्ही मशीन म्हणतो. किल्लीचं मशीन, ऑटोमॅटिक मशीन, सेलचं मशीन. गिऱ्हाईकही तेच म्हणतं. 'यंत्रणा' म्हटलं की मला पोलीस यंत्रणा आठवते.
पण ताई, 'मिश्र' लिहायच्या आधी कशात काय मिसळलंय ते बघा. तुमच्या यादीतली दोन घड्याळं बहुधा एका जातीची नाहीत.

भाषांतरवाली :
स्विस घड्याळ 1980च्या दशकाच्या शेवटचं आहे, आत जेजे-लकूल्त्रचं मेकाक्वार्ट्झ. जपानी आहे ग्रँड सेको, स्प्रिंग ड्राइव्ह, मशीन 9आर86.

जुनी_कमान :
वाटलंच. दोन्ही पार वेगळी.
मेकाक्वार्ट्झला ताकद सेलची आणि वेळ क्वार्ट्झची. क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करतं आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. इथवर साधं सेलचं घड्याळच. क्रोनोग्राफची बटणं मात्र खऱ्या तरफा हलवतात. शून्यावर आणायचं बटण दाबलं की हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर आपटते. चकती कशीही फिरलेली असो, ती घसरून बदामाच्या खाचेपाशीच थांबते, आणि काटा फटकन बारावर. नुसत्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफात मोटर काट्याला फिरवत फिरवत शून्यावर नेते. सेल बदलला की कधीकधी काटा शून्याच्या एक घर बाजूला उभा राहतो, मग बटणं दाबून त्याला जागेवर आणत बसा. बदामाच्या चकतीला ती भानगड नाही. सेकोची स्वस्तातली व्हीके मशीनंही याच जातीची. त्यांचा क्रोनोग्राफचा काटा सेकंदाला पाच पावलं टाकतो.
स्प्रिंग ड्राइव्ह नेमकं उलटं. त्यात सेल नाहीच. ताकद कमानीची, म्हणजे मेनस्प्रिंगची. चाकांच्या रांगेच्या टोकाला बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या जागी वेगळंच एक चाक आहे, ते सेकंदाला आठ फेरे घेतं. त्याच्यावरच्या लोहचुंबकामुळे बारीकशी वीज तयार होते. तेवढ्यावर क्वार्ट्झ आणि सर्किट चालतं, आणि चाक जोरात पळायला लागलं की सर्किट चुंबकाचाच ब्रेक लावतं. टिकटिक नाही, काटा पाण्यावरून सरकल्यासारखा जातो. महिन्याला फरक फार तर 15 सेकंदांचा.
म्हणून एकाला 'मिश्र' म्हणून दुसऱ्यालाही तेच म्हणणं म्हणजे डाळभात आणि भातडाळ एकच म्हणण्यासारखं.

काळी_ज्वारी :
काका, डाळभात आणि भातडाळ एकच असतं.

जुनी_कमान :
बरं, उपमा चुकली. बैल बांधलेली गाडी आणि बैल ठेवलेली गाडी म्हणा.

विपळ :
मला 'क्रोनोग्राफ'बद्दल बोलायचंय. 'काललेखी' हसण्यावारी नेऊ नका, अर्थ नेमका तोच आहे. 1821 साली पॅरिसच्या शाँ द मार्सवरच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्‍यूसेकनं वापरलेलं यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं, म्हणजे खरंच लिहायचं. शाई गेली, नाव राहिलं. आपण नाही का अजून 'फोन फिरवतो'?
तरी मी 'क्रोनोग्राफ'च ठेवीन. 'कालमापक' तर मुळीच नको, ते क्रोनोमीटर झालं, आणि क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा दिलेलं घड्याळ. ही गल्लत मी छापील मजकुरातही पाहिली आहे.
जाता जाता : एक घटिका 24 मिनिटं, पळ 24 सेकंद, विपळ 0.4 सेकंद. म्हणजे व्हीके मशीनचा काटा एका पावलात अर्धा विपळ चालतो. घटिकापात्र बुडायची वाट बघणाऱ्या माणसांनी विपळ मोजायचं ठरवलं होतं, पण त्यांच्याकडे बटण नव्हतं.

भाषांतरवाली :
आणि क्वार्ट्झ? 'गारगोटी' लिहिलं तर?

काळी_ज्वारी :
लिहा आणि मजा बघा. कोल्हापूरकर विचारतील, आमच्या गावाचं घड्याळ कधी निघालं?

विपळ :
शब्द चुकीचा नाही, गारगोटी क्वार्ट्झच. पण घड्याळातला तुकडा कारखान्यात वाढवलेला असतो आणि चिमट्याच्या आकारात कापतात. गारगोटी म्हटलं की ओढ्यातला दगड दिसतो. 'स्फटिक' बरा, पण दुकानात कोण म्हणतं? क्वार्ट्झच ठेवा.

भाषांतरवाली :
मग असं केलंय. 'हायब्रिड' काढूनच टाकला.
स्विसला : 'सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन, क्रोनोग्राफ मात्र तरफा-हातोडीचा.'
जपानीला : 'कमानीवर चालणारं मशीन, वेगावर क्वार्ट्झचा लगाम.'
लांबलं, पण कळतं. राहिलं एक, 'कॉलम व्हील'. ते 9आर86मध्ये आहे.

जुनी_कमान :
लगाम झकास. कॉलम व्हीलला 'खांबांचं चाक' म्हणा. चाकावर बुरुजासारखे खांब उभे असतात. तरफेचं टोक खांबावर चढलं की एक काम, दोन खांबांच्या मध्ये पडलं की दुसरं. बटण किती मऊ दाबलं जातं ते बरंचसं त्याच्यावर.

विपळ :
लगाम मलाही आवडला. फक्त पहिल्या ओळीत 'क्रोनोग्राफ हातोडीचा' वाचून सुतारकाम डोळ्यांपुढे येतं. 'शून्यावर आणणारी हातोडी' असं पूर्ण लिहा. आणि क्रोनोग्राफ 'तो' की 'ते'? तुम्ही वर 'तो' केलाय. आलेख तो, ग्रामोफोन तो, मग हाही तोच असावा.

जुनी_कमान :
दुकानात 'ते'. आतल्या छोट्या तबकड्यांना डोळे म्हणतात. गिऱ्हाईक विचारतं, "ते तीन डोळ्यांचं कितीला?"