मदत हवी आहे: ऑस्ट्रियातील शूबर्टियाडे महोत्सवासाठी कार्यक्रमाची निवड आणि पूर्वतयारी

ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्झ शूबर्टच्या संगीताला वाहिलेल्या शूबर्टियाडे या महोत्सवाला येत्या उन्हाळ्यात वडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. मी म्युनिकमध्ये राहते, ते पुण्याहून येणार आहेत. त्यांनी आयुष्यभर ख्यालगायन शिकले आणि शिकवले आहे. पाश्चात्त्य संगीत मात्र त्यांनी फारसे ऐकलेले नाही आणि जर्मन भाषा त्यांना येत नाही. त्यांच्यासाठी नेमका कोणता कार्यक्रम निवडावा आणि आधी काय ऐकवावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांना या महोत्सवाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गायक हेरमान प्राय यांच्या पुढाकाराने १९७६ साली ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरार्लबर्ग प्रांतातील होहेनएम्स येथे हा महोत्सव सुरू झाला. आज तो होहेनएम्स आणि ब्रेगेन्झरवाल्डमधील श्वार्त्सनबर्ग हे डोंगरातले गाव, अशा दोन ठिकाणी भरतो. इतर संगीतकारांच्या रचनाही तेथे होतात, पण केंद्रस्थानी शूबर्टच असतो. हे नावही त्याच्याच काळातले आहे: व्हिएन्नामध्ये मित्रांच्या घरी जमून त्याची गाणी ऐकण्याच्या संध्याकाळींना शूबर्टियाडे म्हणत. अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात सहाशेहून अधिक गाणी लिहिणाऱ्या या माणसाची, केवळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल एकदाच, मार्च १८२८ मध्ये झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. त्याचे बरेचसे संगीत मूळचे खोलीतले आहे, म्हणूनच दोन-तीन हजारांच्या प्रेक्षागृहाऐवजी श्वार्त्सनबर्गच्या लाकडी सभागृहात ते वडिलांनी पहिल्यांदा ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

माझा मुख्य प्रश्न ‘विंटरराइझे’विषयी आहे. जर्मन कवी विल्हेल्म म्युलरच्या कवितांवरील शूबर्टची ही चोवीस गाण्यांची माला एक गायक आणि एक पियानोवादक सुमारे सव्वा तास, बहुधा मध्यंतराशिवाय, सादर करतात. हिवाळ्यात गाव सोडून निघालेल्या, प्रेमात निराश झालेल्या माणसाचा हा प्रवास आहे आणि त्यात दिलासा फार थोडा आहे. पहिल्याच भेटीत हे जड होईल, अशी भीती एकीकडे वाटते. दुसरीकडे शेवटचे गाणे मला स्वस्थ बसू देत नाही. त्यात गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा राहून, हाताने दांडी फिरवून वाजवायचे वाद्य वाजवणारा एक म्हातारा आहे, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. पियानोच्या डाव्या हातात षड्ज-पंचमाची उघडी जोडी पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत तशीच वाजत राहते, आणि तिच्यावर उजव्या हातातली छोटीशी सुरावट व गायकाची ओळ आलटून पालटून येतात. तानपुऱ्याच्या सुरात जन्म काढलेल्या माणसाला हे गाणे भाषेच्या आधी कळेल, असा माझा विश्वास आहे. मात्र तिथपर्यंत पोचण्याआधीची तेवीस गाणी ते कशी ऐकतील, याचा अंदाज येत नाही. त्याऐवजी वेगवेगळ्या सुट्या गाण्यांची मैफल किंवा एखादे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) आधी ऐकवावे का?

तयारी म्हणून मी ‘ग्रेटखेन आम श्पिनराडे’ हे गाणे निवडले आहे. शूबर्टने ते १८१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातील प्रसंगावर लिहिले. मुलगी चरख्यावर सूत काततेय आणि पियानो चाकासारखा फिरत राहतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येताच चाक थांबते, आणि मग अडखळत, दोन-तीन प्रयत्नांनी पुन्हा फिरू लागते. एवढे अगोदर सांगितले की शब्द न कळताही गाणे उलगडते, असा माझा अनुभव आहे. अशी आणखी गाणी कोणी सुचवू शकेल का? कवितांचा चांगला मराठी किंवा हिंदी गद्यानुवाद कोणाच्या पाहण्यात असल्यास तोही कळवावा, कारण इंग्रजीतून मी ओळ-ओळ समजावत बसले तर ऐकणे बाजूला राहील.

वडिलांनी फोनवर विचारलेला एक प्रश्न येथे मांडते. सगळेच आधी लिहिलेले असेल तर गायकाच्या हातात काय उरते? गायक आपल्या गळ्याला मानवेल अशी पट्टी घेतो, म्हणजे मूळ उंच आवाजासाठी लिहिलेली ‘विंटरराइझे’ बॅरिटोन, म्हणजे मधल्या आवाजाचे पुरुष गायक, खालच्या पट्टीत गातात, हे ऐकून त्यांना बरे वाटले. पण लय, शब्दांवरील वजन, पियानोवादकाशी होणारा संवाद यांतील फरक त्यांना दाखवायचा, तर एकच गाणे कोणकोणत्या गायकांचे पाठोपाठ ऐकवावे? ज्यांनी दोन्ही संगीतपद्धती जवळून ऐकल्या आहेत, त्यांचे मत माझ्यासाठी विशेष मोलाचे आहे.

आता व्यवहाराचे. गाण्यांच्या मालेत मधे टाळ्या वाजवत नाहीत, हे मी त्यांना सांगितले आहे, पण चांगली जागा आली की त्यांच्या तोंडून दाद निघतेच. तेथील श्रोते याकडे कसे पाहतात? वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि गुडघे दुखतात, त्यामुळे संध्याकाळची मैफल संपल्यावर श्वार्त्सनबर्गहून जवळच्या डॉर्नबिर्न शहराकडे परतणे सोयीचे आहे की गावातच मुक्काम करावा, हेही कळायला हवे. रेल्वेमार्गावरच्या होहेनएम्सची मैफल निवडली तर प्रवास सोपा होईल, पण डोंगरातल्या त्या सभागृहाचा आग्रह मला सोडवत नाही. दोन्ही ठिकाणी जाऊन आलेल्यांनी, वडीलधाऱ्यांना सोबत नेले असल्यास विशेषकरून, आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. तिकिटे त्यानुसारच काढणार आहे.