विखे पाटलांना कारखाना का हवा होता?

प्रवराकाठ: नेता मोठा म्हणजे तो निःस्वार्थीच असणार, हे मला पटत नाही. नगर जिल्ह्यातल्या लोणीचा सहकारी साखर कारखाना घ्या. विठ्ठलराव विखे पाटील स्वतः शेतकरी. गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराच्या दारात कसा जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले आणि 1950-51 ला पहिला गळीत हंगाम झाला. हा स्वार्थच होता, फक्त सगळ्या पंचक्रोशीचा. संचालकाचा ऊस आणि सभासदाचा ऊस एकाच वजनकाट्यावर, म्हणून कारखाना टिकला.

नगरकर: मग पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ कसे? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, त्यांचं पोट काही उसावर नव्हतं. लोणीला आले नसते तरी त्यांचं काहीच अडलं नसतं. सरकार, कर्ज देणाऱ्या संस्था आणि साशंक शेतकरी यांच्यामध्ये ते उभे राहिले, कारण त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. विठ्ठलरावांची धडपड मोठीच, पण एकटा स्वार्थ तिथवर पोचला नसता.

प्रवराकाठ: गाडगीळांबद्दल दुमत नाही. पण असा माणूस दर पिढीला मिळत नाही, आणि संस्था त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी काय झालं? चेअरमनकी म्हणजे आमदारकीची पायरी. नोकरभरती मतं बघून, तोटा कारखान्याच्या माथी. चेअरमनचा फायदा उसाच्या भावापासून सुटला, तिथे कारखाने आजारी पडले आणि कितीतरी लिलावात निघून खासगी झाले. भाषणं मात्र सगळी त्यागाचीच होती. म्हणून मी हेतू विचारत नाही, काटा कोणाच्या नजरेखाली आहे ते विचारतो.

नगरकर: नजर ठेवणारा सभासदही नोकरीच्या आशेने गप्प बसतो. तेव्हा पदरचं घालवून बोलणारा कुणीतरी लागतोच.

बीडची लेक: तुम्ही दोघंही शेअर असलेल्यांचंच बोलताय. माझे आईवडील मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचे, आईची वेगळी मोजदादच नाही. दिवाळीनंतर पाचटाच्या खोपीत मुक्काम, आमची शाळा सुटलेली. कारखान्याच्या सभेत आम्हाला मत नव्हतं. पंचक्रोशीचा स्वार्थ आमच्यापर्यंत आला नाही आणि निःस्वार्थी अध्यक्षांचा कारखानाही आमच्याच कोयत्यावर चालला. तोडणीचा दर वाढला तो आमच्या माणसांनी संप केल्यावर.