आराधिणीच्या डोक्याजागी टँकर: या चित्राचा अर्थ लावायचा की नाही?

लातूरकर:
आपल्याच भागातल्या एका चित्रकाराचं तैलचित्र पाहिलं, तेव्हापासून ते मनातून जात नाही. कोरड्या बारवेच्या पायरीवर आराधीण, म्हणजे भवानीच्या नावानं जोगवा मागणारी भक्तीण, बसलीय. हातात जोगव्याची परडी, गळ्यात कवड्यांची माळ आणि डोक्याच्या जागी रेल्वेचा पाण्याचा टँकर. कवड्यांतून पाणी ठिबकतंय. मला तर थेट एप्रिल २०१६ आठवला. मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे लातुरात आली होती, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पाणी देणाऱ्यापुढे आपण हात जोडतो, तेच या चित्रात आलंय.

नांदेडकर:
पटत नाही. अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखं तर्क सोडून रंगवलेलं चित्र असं कोड्यासारखं सोडवायचं नसतं. या चळवळीचा प्रणेता, पॅरिसचा कवी आंद्रे ब्रेताँ, याच्या १९२४ च्या जाहीरनाम्यात तर तर्काचा पहारा उठवण्याचीच मागणी होती. टँकर म्हणजे दुष्काळ, कवडी म्हणजे देवी, असं कोष्टक मांडलं की पाहायचं काय उरलं? शिवाय मराठवाडा म्हटलं की दरवेळी दुष्काळच का? अजिंठा आपलाच, पैठणीवरचा मोर आपलाच.

लातूरकर:
कोष्टक नकोच, पण कवडीकडे नीट बघा ना. कवडी समुद्रातली. आपल्याकडे कोसभरही किनारा नाही, तरी आई भवानीच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचे शिंपले गळ्यात घालतोय. चित्रकारानं कवडीच्या दातेरी फटीत गडद तपकिरी भरलाय, त्यावर निळ्याचा इतका पातळ थर दिलाय की खालचा तपकिरी दिसतोच. हे पाणी टँकरचं नाही, समुद्राचं आहे. पॅरिसचा जाहीरनामा वाचून हे दिसणार नाही, त्याला तुळजापूरचा रस्ता माहीत असावा लागतो.

नांदेडकर:
कवडीचं मान्य. पण हे तुम्ही रंग पाहून शोधलंत, २०१६ आठवून नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं.

तुळजापूरची लेक:
दोघंही माळेवर आणि टँकरवर बोलताय, बाईवर कुणीच नाही. आमच्या घरात परडी आहे. माझी आजी मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायची, दारात उभी राहिली की गल्ली तिला आवाजावरून ओळखायची. त्या बाईचं तोंडच काढून तिथं लोखंड बसवलंय. देवीचा अपमान झाला असं मी म्हणत नाही, देवी सगळं पोटात घेते. पण अतिवास्तववादी चित्रकार दालीनं चित्रात घड्याळं वितळवली ती वस्तू होती, इथं माणूस आहे. तिचा चेहरा का गेला, याचं कारण चित्रातच सापडायला हवं, आणि मला ते सापडत नाही.