दख्खनी लोकरीचा नमदा
दख्खनी मेंढीच्या लोकरीचा नमदा (लोकर ओली करून, चोळून-दाबून केलेले न विणलेले जाड कापड) नीट जमून येत नाही, असे एका ताईंनी लिहिले आहे. कोल्हापूरच्या आसपास धनगरांकडे तीच लोकर मिळते, म्हणून माझा अनुभव सांगते. तंतूवरचे सूक्ष्म खवले साबणाच्या गरम पाण्यात उघडतात आणि चोळल्यावर एकमेकांत अडकतात, परंतु ही लोकर जाड व केसाळ असल्याने मेरिनो मेंढीच्या मऊ, बारीक लोकरीपेक्षा तिला बराच जास्त वेळ लागतो. मी पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर आडवे-उभे अंथरून, चटईत गुंडाळून तासभर लाटले, तरी कडा भुसभुशीतच राहिल्या. मग खाली-वर मेरिनोचा एकेक थर दिला. आता चिमटीत धरून ओढले की तंतू सुटत नाहीत, अख्खा तुकडा उचलला जातो, आणि मधूनच डोकावणारे दख्खनी लोकरीचे काळे केस मला फार देखणे वाटतात.