वाचनालयात १५ ऑक्टोबरचा कार्यक्रम किती वाजता ठेवावा?

प्रश्न: वाचन प्रेरणा दिनाला मुलांचं प्रकट वाचन घ्यायचं आहे. खोलीत ४० जण मावतात. सकाळी ११ जमेल का?

उत्तर: नाही भाऊ. सोयाबीनची सोंगणी चालू असते, पालक वावरात असतात. संध्याकाळी ७ ठेवा. लाइन जाते, म्हणून चार्जिंगचे दोन दिवे तयार ठेवा.

उत्तर: १२ मुलं, प्रत्येकी ३ मिनिटं, बस्स. उतारा आठ दिवस आधी हातात द्या. ऐनवेळी दिला की मुलं अडखळतात अन् मागचे लोक उठून जातात. माइक नकोच, एवढ्याशा खोलीत आवाज घुमतो.

उत्तर: दाराशी देवघेवीचं रजिस्टर ठेवा, आलेल्यांना पुस्तक तिथंच द्या. अन् २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रमही संध्याकाळीच घ्या, तेव्हा हरभरा निघतो.