मदत हवी आहे: रोमन नाटकांचे प्रकार आणि सेनेका

मंडळी, सध्या प्राचीन रोमन नाटकं वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय.

विनोदी नाटकांचं गणित थोडंफार जमलं. 'पाल्लिआटा' म्हणजे ग्रीक कथानक, ग्रीक पोशाख. 'तोगाटा' म्हणजे इटलीतल्याच माणसांच्या गोष्टी. पाल्लिआटा लिहिणाऱ्या दोन रोमन नाटककारांपैकी प्लॉटसची वीस नाटकं आज हाती आहेत, टेरेन्सची सहाच्या सहा. तोगाटाचं मात्र एकही नाटक पूर्ण उरलेलं नाही, नुसते तुकडे. याची फार हळहळ वाटते, कारण रोमन घर खरं तिथेच दिसलं असतं.

टेरेन्सचं 'हेकीरा' (म्हणजे सासू) मला सगळ्यांत आवडलं. इ.स.पू. 165 मध्ये त्याचा पहिला प्रयोग बंद पडला, कारण प्रेक्षकांना दोरीवर चालणारा डोंबारी आणि मुष्टियोद्धे बघायचे होते. दुसराही फसला. इ.स.पू. 160 मध्ये तिसऱ्यांदा ते एकदाचं पूर्ण झालं. सासूला इतकं समजूतदार दाखवणारं नाटक त्या काळी लिहिलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता अडचण. रोमन तत्त्वज्ञ आणि नाटककार सेनेका याच्या शोकांतिका रंगमंचासाठी होत्या, की मंडळींसमोर वाचून दाखवण्यासाठी? त्याच्या 'मेडिया' नाटकात नायिका मेडिया स्वतःच्या मुलांना प्रेक्षकांदेखत मारते; हे रंगमंचावर खरंच दाखवत असतील का, असा गोंधळ ते वाचल्यापासून झालाय. दोन्ही बाजू नीट मांडणारं सोपं पुस्तक कुणी सुचवेल का? प्लॉटस किंवा टेरेन्सचा मराठी अनुवाद कुणी पाहिला असेल तर तेही कृपया सांगा. जुना, ग्रंथालयातला असला तरी चालेल.